गळा कुणाचा, पट्टी कुणाची

दिल्लीत नोव्हेंबर उजाडला की शाळांच्या आवारात धुरकं आणि वार्षिकोत्सव एकदमच उतरतात. प्रार्थनेनंतर वर्गाकडे वळणाऱ्या रांगा हॉलकडे वळू लागतात, गणिताच्या तासाला अर्धी बाकं रिकामी असतात आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'सोनेरी लेगिंग्ज कुठे मिळतील' याची चौकशी सुरू होते. गुरुग्राम असो, नोएडा असो की द्वारका-रोहिणी, खासगी शाळेच्या समारंभाचा कळस आता ठरून गेलेला आहे: गाणी, नाच, मागे एलईडीची भिंत आणि रंगमंचावर मावतील तितकी मुलं. सगळे त्याला 'म्युझिकल' म्हणतात.

इतक्या शाळा संगीतिकाच का करतात, याचं उत्तर कलेत शोधायला जाऊ नये. गद्य नाटकात दहा-बारा पात्रं असतात. उरलेल्या मुलांचं काय करायचं? फी भरणाऱ्या प्रत्येक आईबापाला आपलं मूल प्रकाशात दिसायला हवं असतं. संगीतिकेत कोरस असतो, आणि कोरसला वरची मर्यादा नसते. उंदीर शंभर चालतात, गावकरी दीडशे चालतात, समुद्राच्या लाटा तर कितीही.

दिल्लीच्या शालेय रंगभूमीचा सगळाच इतिहास मात्र असा गर्दीचा नाही. उदय शंकरांचे शिष्य नरेंद्र शर्मा यांनी बाराखंबा रोडच्या मॉडर्न स्कूलमध्ये मुलांना घेऊन नृत्यनाट्यं बसवली. सुषमा सेठ यांनी 'चिल्ड्रन्स क्रिएटिव्ह थिएटर' उभं केलं. फैझल अल्काझी यांनी १९७२मध्ये 'रुचिका' सुरू केली आणि पुढे कितीतरी शाळांमध्ये मुलांची नाटकं केली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची 'थिएटर इन एज्युकेशन कंपनी' १६ ऑक्टोबर १९८९ला निघाली. तिचे पहिले संचालक बॅरी जॉन. ही सगळी मंडळी मुलांकडून नाटक करून घेण्यापेक्षा मुलांनी नाटक करावं, या बाजूची. नंतर भव्यतेची चटक लागली. गुरुग्रामला २०१०मध्ये 'किंगडम ऑफ ड्रीम्स' हे नाट्य-मनोरंजन संकुल उघडलं. २०१५मध्ये डिस्नेने 'ब्युटी अँड द बीस्ट' त्यागराज स्टेडियममध्ये आणलं. २०१७मध्ये फिरोज अब्बास खान यांची 'मुघल-ए-आझम' ही संगीतिका दिल्लीत आली. ते पाहून आलेल्या विश्वस्तांना आणि पालकांना शाळेच्या हॉलमध्येही तसंच काही हवं वाटू लागलं. शाळेकडे मात्र ना तेवढा वेळ, ना तेवढी माणसं, ना तसे तयार गळे.

या लेखातली 'ती' अशाच एका संगीतिकेत होती, या सगळ्या भव्यतेच्या आधीच्या काळात. (प्रस्तुत लेखिकाच ती, पण नववीतल्या त्या मुलीशी आता इतकी जवळीक उरलेली नाही की तिला 'मी' म्हणावं.) वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शाळेने हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट घेतली होती, संवाद हिंदीत आणि गाणी दोन्ही भाषांत. ती पहिल्या अंकात उंदीर होती, उंदीर बुडाल्यावर गावकरी झाली आणि शेवटी पुंगीमागे निघून जाणाऱ्या मुलांत सामील झाली. एका संध्याकाळी तीन जन्म, संवाद एकही नाही.

आधी चांगलं सांगायला हवं, कारण ते खरंच चांगलं होतं. एरवी नववीची मुलगी अकरावीच्या मुलांशी बोलतही नाही. तालमीत ती त्यांच्या डब्यातले राजमा-चावल खात होती. एरवी वहीवर लाल रेघा मारणारे गणिताचे सर पेटी वाजवतात, हे तिला तिथेच कळलं. वर्गात तोतरेपणावरून चिडवला जाणारा एक मुलगा गाताना अजिबात अडखळत नसे, हा शोध सगळ्या शाळेला एकाच दुपारी लागला आणि त्या दिवसापासून त्याला कुणी चिडवलं नाही. तिचा स्वतःचा हिंदी उच्चार तिथेच घासून निघाला. 'गलत' आणि 'ग़लत' यांतला फरक उर्दू शिकलेल्या एका मॅडमनी तिला विंगेत उभं करून शिकवला. हॉलमधले दिवे गेल्यावर, पडदा वर जायच्या आधी, पोटात जे होतं ते तिला पुढे कुठल्याच परीक्षेत झालं नाही.

आणि तरी त्या संगीतिकेचं नाव निघालं की तिला पहिल्यांदा आठवतं ते हे: तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात संगीताच्या मॅडम रांगेतून कान लावत फिरल्या, तिच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, बेटा, तू फक्त ओठ हलव.

ही सूचना दिल्लीच काय, देशभरच्या शाळांत रोज कुणाला तरी मिळते. ती देणारे दुष्ट नसतात. कार्यक्रम जवळ आलेला असतो, साठ मुलांत सात बेसूर असतात आणि सात जणांना गप्प करणं हा सर्वांत झटपट उपाय असतो. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला या सूचनेतून जो निरोप जातो तो फार काळ टिकतो. ती पुढे कॉलेजात गायली नाही, गणपतीची आरतीही हळूच म्हणते. तिचा गळा बेसूर नव्हताच, हे तिला कितीतरी वर्षांनी घरगुती गाण्याच्या वर्गात कळलं. गाण्याची पट्टी तिच्यासाठी फार वरची होती, इतकंच.

इथे जरा थांबायला हवं, कारण शालेय संगीतिकेतल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या पट्टीत आहे.

मुलींचा आवाज वयात येताना थोडाच उतरतो, पण काही काळ त्यात हवा मिसळते, वरचे सूर निसटतात. मुलग्यांचं स्थित्यंतर मोठं. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो. साधारण बारा ते पंधरा या वयात हे घडतं. कुणाचं दोन-तीन महिन्यांत उरकतं, कुणाचं वर्षभर रेंगाळतं. आवाज फुटतो तो हाच. बायका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या. आठवी-नववीतला मुलगा या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर असतो आणि आज कुठल्या वळणावर आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. शाळेत मात्र गाणं वाजतं ते चित्रपटाच्या किंवा परदेशी संगीतिकेच्या 'मायनस ट्रॅक'वर, म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकलेल्या वाद्यमेळावर. तो ट्रॅक कुणा कसलेल्या गायकाच्या पट्टीत असतो. मग साठ वेगवेगळे गळे त्या एका पट्टीत कोंबले जातात, आणि जो मावत नाही तो बेसूर ठरतो.

पुंगीवाल्याचं काम करणारा दहावीतला मुलगा ऑगस्टमध्ये निवडला गेला तेव्हा उत्तम गात होता. डिसेंबरात, ऐन प्रयोगात, त्याचा आवाज वरच्या सुरावर चिरकला आणि हॉल हसला. शिक्षकांच्या दृष्टीने ती क्षणभराची गंमत होती. तो मुलगा त्यानंतरचं अर्धं नाटक पाय ओढत करत होता. ऑगस्ट ते डिसेंबर हे अंतर त्या वयात किती मोठं असतं, याचा विचार निवड करताना कुणी केला नव्हता.

मराठी रंगभूमीला हे सगळं शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं, कारण तिचा धंदाच पोरांच्या गळ्यावर चालत असे. केशवराव भोसले पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत 'शारदे'तली शारदा गात होते. बालमोहन नाटक मंडळी तर मुलांना घेऊनच उभी राहिली. सौदागर नागनाथ गोरे नावाचा साताऱ्याकडचा मुलगा तिथेच 'छोटा गंधर्व' म्हणून नावारूपाला आला. त्या कंपन्यांत मुलांचे हाल होते, त्याचं उदात्तीकरण करायचं कारण नाही. पण एक गोष्ट तिथे आपोआप होत असे: साथीला पेटी किंवा ऑर्गन असे आणि वाजवणारा गाणाऱ्याचा सूर धरून वाजवत असे. मुलाचा गळा आज बसला असेल तर पट्टी खाली यायची. पेनड्राइव्हमधला ट्रॅक कुणासाठी खाली येत नाही.

गंमत अशी की या सगळ्या लाटेला ज्याने जगभर जोर दिला तो डिस्नेचा २००६चा 'हाय स्कूल म्युझिकल' हा चित्रपटही याच दगडाला ठेचकाळला होता. त्यातली गाणी नायक निवडण्यापूर्वीच तयार झाली होती. मग झॅक एफ्रॉन आला, त्याचा आवाज त्या पट्टीला खालचा पडला, आणि पहिल्या चित्रपटात त्याचं बहुतेक गाणं ड्रू सीली या दुसऱ्या गायकाच्या आवाजात आहे. जगातल्या सर्वांत गाजलेल्या शालेय संगीतिकेचा नायक ओठ हलवत होता! आमच्या त्या तिसऱ्या रांगेतल्या उंदराला हे तेव्हा कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण चित्रपट यायला अजून अवकाश होता.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कुणी मूल संगीतिकेत आहे त्यांनी पहिला प्रश्न हा विचारावा: गाणी कुठल्या पट्टीत आहेत आणि ती मुलांचे आवाज ऐकून ठरवली आहेत का? नव्वदच्या दशकात कॅसेटवरच्या ट्रॅकचं काही करता येत नसे. आज लॅपटॉपवर किंवा फोनवरसुद्धा लय न बदलता ट्रॅक दोन-तीन सूर खाली आणता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. मुख्य भूमिकेतल्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्याला काढून टाकायची गरज नाही. वरचे सूर कोरसला द्यावेत, त्याला मधल्या सुरांत खेळू द्यावं, आणि प्रयोगाच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा ऐकावं. सोबत दुसरा गळा तयार ठेवावा. ऐनवेळच्या बदलीला कमीपणा मानू नये. वडिलांच्या कंपनीत नारद करणारा नट आला नाही म्हणून 'सौभद्रा'त नारद म्हणून उभी राहिलेली लहान मुलगी पुढे लता मंगेशकर म्हणून जगाला माहीत झाली.

दुसरं, आरडाओरडा करून तालीम घेणाऱ्या शाळेत मुलांचेही गळे बसतात. मुलाचा आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर काढ्यावर भागवू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. स्वरतंतूंवर गाठी धरतात त्या सतत ताणून ओरडण्या-गाण्याने, आणि त्या मुलांनाही होतात.

रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवणं हे पाप आहे असं इथे म्हणायचं नाही. हिंदी चित्रपटाने आपल्याला ती सवय लावलीच आहे, आणि तीनशे मुलांना माईक पुरवणं कुठल्याही शाळेला जमणार नाही. प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये आवाज कुणाचा, हा आहे. एनसीआरमधल्या कितीतरी शाळा स्टुडिओत व्यावसायिक गायकांकडून गाऊन आणतात आणि मुलांना फक्त हालचाली शिकवतात. ऐकायला ते गुळगुळीत लागतं. त्यापेक्षा मुलांचाच कोरस शाळेच्या संगीत कक्षात रेकॉर्ड करावा, सातही बेसुरांसकट. साठ आवाजांत सात सहज विरघळतात. 'मुघल-ए-आझम'मध्ये अनारकली करणाऱ्या पुण्याच्या प्रियांका बर्वे थेट गात होत्या. ते प्रशिक्षित गायिकेचं काम आहे, शाळेने त्याची बरोबरी करू नये. पण एखादं छोटं पद, दोन ओळी, मुलांना थेट गाऊ द्याव्यात.

मुलांच्या आवाजात काय असतं याचं आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. १९७४चा 'एक अनेक और एकता' हा छोटा अ‍ॅनिमेशनपट विजया मुळे यांनी केला. गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतलं गंधर्व महाविद्यालय १९३९ साली दिल्लीत सुरू करणारे हेच. संगीत वसंत देसाईंचं, आणि त्यातला एक कोवळा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या जेमतेम पाच वर्षांच्या होत्या. दूरदर्शनवर वाढलेल्या दोन पिढ्यांना ते गाणं आजही पाठ आहे. देसाईंनी मुलांच्या गळ्याला मोठ्यांचं गाणं घातलं नाही, मुलांच्या गळ्याच्या मापाचं गाणं शिवलं.

पट्टीनंतरचा दुसरा सल रांगेचा.

पुढची रांग कशी ठरते? तिच्या शाळेत ती उंचीने ठरते असं जाहीर होतं. प्रत्यक्षात पुढे गोरी मुलं होती, आणि हे सगळ्या मुलांना कळत होतं. दिल्लीत त्याबद्दल कुणी फारसं संकोचून बोलतही नसे. परी गोरी, राणी गोरी. उंदीर आणि राक्षस सावळे. आज शाळा असं उघड बोलत नाहीत, पण मागच्या दोन-चार वर्षांतल्या कुठल्याही वार्षिकोत्सवाचे फोटो समोर ठेवून पाहावेत. पालकांनी हा विषय काढला की त्यांना भांडखोर ठरवलं जातं. त्यावर उपाय म्हणून एक साधी मागणी करता येते: गाण्यागणिक रांगा बदला. पहिल्या गाण्यात मागे असलेले दुसऱ्यात पुढे. नृत्यदिग्दर्शक कुरकुरतात, पण जमतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या रांगेला काम द्यावं. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात उभं राहिलं तेव्हा गाणाऱ्या-डुलणाऱ्या ब्राह्मणांची रांग हीच त्या नाटकाची भिंत होती, पडदा होता, गावही तीच होती. नाना फडणवीसाचं काम लक्षात राहतं, पण ती रांग काढून घेतली तर नाटक कोसळतं. दिल्लीत राजिंदर नाथ यांनी ते हिंदीत केलं आणि मंडी हाऊस परिसरातल्या नाटकवाल्यांना कोरस म्हणजे काय हे नव्याने दिसलं. शाळेच्या संगीतिकेत नेमकं उलट घडतं. कोरस म्हणजे नायकामागचं नक्षीकाम. पुंगीवाल्याच्या गोष्टीत खरं तर उंदीर आणि मुलं हीच नाटकाची दोन टोकं आहेत. पण त्यांना त्या शाळेत कुणी सांगितलंच नाही की ते का पळताहेत, कशाला भुलताहेत. फक्त मोजणी होती: पाच-सहा-सात-आठ, वळा.

पोशाखांबद्दल थोडक्यात. ते चांदनी चौकातल्या किनारी बाजारातून येतात किंवा भाड्याने. पैसे पालक देतात. रकमेची पावती मागावी, आणि ज्या घराला ती रक्कम जड जाते त्या मुलाला वर्गासमोर उभं करून विचारलं जात नाही ना, हे पाहावं. राखाडी फरचा उंदराचा अंगरखा तिला मानेवर आठवडाभर पुरळ देऊन गेला. एक दिवस आधी घरी घालून पाहायला दिला असता तर आत सुती बनियन घालता आली असती. कपडे बदलायच्या खोलीत मुलींसाठी शिक्षिकाच असाव्यात, बाहेरचे मदतनीस नसावेत, कुणाचाही फोन आत जाऊ नये. २०१२च्या पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानंतर शाळांना याची जाणीव आहे असं मानायला हरकत नाही, तरी विचारावं.

आता ज्याबद्दल पालकसभेत कुणीच बोलत नाही ते. २३ डिसेंबर १९९५. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली. एका शाळेचा वार्षिक समारंभ मंगल कार्यालयाच्या मांडवात चालला होता. विजेच्या बिघाडातून आग लागली, वरचं कृत्रिम धाग्याचं छत वितळून अंगावर पडू लागलं, बाहेर पडायला वाट अपुरी होती. काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. दीड वर्षाने, १३ जून १९९७ला, दिल्लीतच ग्रीन पार्कच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण गेले. त्या डिसेंबरनंतर उत्तरेत बऱ्याच आयांनी मुलांना मांडवातल्या कार्यक्रमाला पाठवताना दोनदा विचार केला. आज एलईडीची भिंत, धुराची यंत्रं, तात्पुरत्या वायरी, भाड्याचा जनरेटर आणि ज्वलनशील कापडातली तीनशे मुलं एका जागी असतात. दारं किती, ती आतून उघडतात का, मध्यंतरात कुलूप लागतं का, अग्निशमन विभागाची परवानगी आहे का: हे विचारणारा पालक भित्रा नव्हे. रंगीत तालमीच्या दिवशी मुलांना एकदा बाहेर पडायची वाट चालून दाखवायला हवी. दहा मिनिटं जातात.

हवेचं काय? २०२३मध्ये दिल्ली सरकारने प्रदूषणामुळे हिवाळी सुटीच अलीकडे ओढली आणि शाळा ९ ते १८ नोव्हेंबर बंद ठेवल्या. २०२४मध्ये नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर्ग ऑनलाइन गेले. हे आता दरवर्षीचं आहे, आणि तरी वार्षिकोत्सव नोव्हेंबर-डिसेंबरातच ठेवायचा हट्ट सुटत नाही. त्या हवेत दोन-दोन तास गाणं, तेही मैदानावर, मुलांकडून करून घेऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा फेब्रुवारीचा शेवट बरा; पण फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा. म्हणजे दहावी-बारावीच्या मुलांना मुख्य कामं न देणं हे ओघाने आलं. तिच्या शाळेत पुंगीवाल्याला पूर्वपरीक्षेत कमी गुण मिळाले आणि त्याच्या वडिलांनी त्याचं गाणं बंद केलं. संगीतिकेने त्याच्याकडून एका हिवाळ्यात दोनदा किंमत घेतली.

तालमीचं वेळापत्रक लेखी मागावं. कुठल्या मुलाची कधी गरज आहे हे आधी ठरवलं तर उंदरांना तीन-तीन तास जिन्यावर बसावं लागत नाही. त्या जिन्यावर ती पत्ते खेळायला शिकली हे खरं, पण विज्ञानाचे दोन धडे कायमचे राहून गेले हेही खरं. डबा, पाणी, घरी जायची बस, यांचं उत्तरदायित्व कुणा एका शिक्षकाकडे असावं, त्याचं नाव आणि फोन पालकांकडे असावा.

व्हिडिओचा प्रश्न नवा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शाळेतल्या प्रयोगांना सवलत आहे: शिक्षक-विद्यार्थ्यांनी शैक्षणिक कामाचा भाग म्हणून प्रयोग केला आणि प्रेक्षक म्हणून फक्त शाळेचे लोक, पालक आणि त्या कामाशी संबंधित माणसं असली, तर परवानगी लागत नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं किंवा सगळा प्रयोग यूट्यूबवर चढवला की ती सवलत सुटते. परदेशी संगीतिकांच्या हक्कांची परवानगी मग विकत घ्यावी लागते. पण कायद्याआधी मुलाची बाजू पाहावी. त्या चिरकलेल्या सुरावर तेव्हा तीनशे माणसं हसली आणि घरी गेली. आज तोच सूर पंधरा सेकंदांच्या तुकड्यात कापून वर्गाच्या गटावर फिरतो, आणि तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत फिरत राहतो. कार्यक्रमाची एकच अधिकृत चित्रफीत शाळेने काढावी, ती पालकांपुरती ठेवावी आणि प्रेक्षागृहात फोन बंद ठेवायला सांगावं.

ज्या मुलाला या सगळ्यात खरोखर गोडी लागते, त्याला वार्षिकोत्सवावर सोडू नये. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या थिएटर इन एज्युकेशन कंपनीची उन्हाळी शिबिरं आणि संडे क्लब आहेत. तिथे मुलांनी स्वतः रचलेल्या प्रसंगांतून नाटक उभं राहतं. गाण्यासाठी दीनदयाल उपाध्याय मार्गावरचं गंधर्व महाविद्यालय आहे, त्यांची वृंदगानाची परंपरा जुनी आहे.

तिचा भाचा सध्या नोएडात आठवीत आहे. यंदाच्या संगीतिकेत त्याला जादूगाराचं काम मिळालं, आणि त्याचा आवाज सप्टेंबरपासून घसरतो आहे. "आत्या, मला वरचं गाता येत नाही, सर म्हणतात जोर लाव," असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्याची आई जुन्या पद्धतीप्रमाणे गप्प बसणार होती. आत्याने बसू दिलं नाही. पालकसभेत तिघी-चौघी आया मिळून गेल्या. पट्टी खाली आणायला संगीताचे सर लगेच तयार झाले. त्यांनाही ते जाणवत होतं, कुणी विचारलं नव्हतं. रांगा फिरवायला नृत्याच्या मॅडमनी दोन गाण्यांपुरता होकार दिला. बाहेर पडायच्या दारांबद्दल मुख्याध्यापिकांनी लिहून घेतलं. यूट्यूबचं मात्र शाळेने ऐकलं नाही. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी ते लागतं म्हणे. ती बोलणी अजून चालू आहेत. मध्येच हवा बिघडली, तालमी थांबल्या आणि कार्यक्रम फेब्रुवारीवर गेला. तोवर भाच्याचा आवाज आणखी उतरेल, म्हणून सरांनी ट्रॅक दोन पट्ट्यांत काढून ठेवला आहे.